मशीनच्या कपाळी कुंकू

ये गं मंजू, अशी जवळ ये. पुण्यात बसल्या बसल्याच ये, पण ये. आणि हातातला फोन आधी पालथा ठेव, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीचा फोटो तुला एवढ्या हौसेने पाठवला, तर तू काय लिहिलंस? ‘मावशी, मखर काय सुंदर आहे! कुठल्या दुकानातून आणलं?’ दुकानातून! तुझे काका ते वाचून दिवसभर मिशीत हसत होते. त्यांना ती शाबासकी वाटली. मला नाही वाटली. लहानपणी सुट्टी लागली की कोलकात्याला येऊन कोपरापर्यंत आमरस ओघळवणारी तू, आणि तुला घरच्या माणसाचं काम ओळखू येऊ नये? आता शिक्षा म्हणून सगळं ऐकावं लागेल. मधूनमधून ‘हं’ म्हणायचं. जांभई द्यायची नाही.

तर गोष्ट अशी, की यंदा आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं झालं.

टेबल तुला आठवत असेलच. काळं, शिसवी, हलवायला चार माणसं लागणारं. इथे आलो त्या वर्षीच लिलावात घेतलेलं. मी तेव्हा म्हटलं होतं, ‘‘अहो, बदली तीन वर्षांची. हे धूड परत नेणार कसं?’’ ते काही न्यायची वेळ आलीच नाही. बँकेने आम्हाला तीन वर्षांसाठी पाठवलं आणि आम्ही डमडमलाच पिकलो.

पहिल्या वर्षी या टेबलावरच गणपती बसवला होता. आमच्या ओळखीची मराठी घरं तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि त्यातलंही एखादं बोट सारखं बदलीवर जाणारं. बराकपूरहून एका मेजरसाहेबांची बायको मोदकांचा डबा मांडीवर घेऊन ट्रेनने यायची. उतरायची ती डबा पुढे धरून, जणू मोदकांनाच रिझर्व्हेशन होतं! मखराला काही मिळेना, तेव्हा तुझ्या काकांनी सामानाचे पुठ्ठ्याचे खोके फाडले आणि दोन मोर कापले. कशाने? माझ्या भाजीच्या सुरीने. पुढे जाळीकामाची बारीक करवत आली, पुठ्ठ्याचं प्लायवूड झालं, टेबलाचा हॉल झाला, आणि मंडळ झालं. माणसं बदलीवर आली, बदलीवर गेली. मोदक करणाऱ्या बायका बदलल्या, पेटी वाजवणारे बदलले, एकदा तर आरतीची चालसुद्धा बदलली (नागपूरची मंडळी जास्त झाली होती त्या वर्षी). मखर मात्र दर वर्षी तुझ्या काकांचं.

आणि मग त्यांचा हात थरथरायला लागला.

फार नाही गं. चहाच्या कपाला कळेल एवढाच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. आम्ही घाबरलो नाही. पण गेल्या गणपतीत आरतीच्या ऐन आधी कमानीची एक बाजू मोडून मूषकावर पडली. कापताना करवत घसरून तिथे चीर गेली होती, ती कोणाला दिसली नव्हती. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली. मूषकाला काही झालं नाही. तुझ्या काकांना झालं.

प्रसाद वाटताना आमचा नवा चिटणीस चिन्मय त्यांच्याशेजारी येऊन बसला. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सोन्यासारखा मुलगा, बोलणं तर लोण्याहून मऊ. म्हणाला, ‘‘काका, पुढच्या वर्षी रेडीमेड मखर आणू या का? तुम्हाला उगाच दगदग नको.’’

तुझे काका म्हणाले, ‘‘बघू.’’

मंजू, बायकोला नवऱ्याच्या ‘बघू’चे सगळे प्रकार माहीत असतात. साडीच्या दुकानातला वेगळा, माहेरच्या लग्नाला जायचा वेगळा. हा ‘बघू’ मी आजवर ऐकला नव्हता. त्या ‘दगदग’ शब्दाने माणूस घरी येऊन खुर्चीत बसला तो करवतीची पेटी माळ्यावर टाकायलाच उठला.

मग एक दिवस खोकं आलं.

‘‘हे काय?’’

‘‘सीएनसी मशीन.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, आणि मशीन ती लाकडात आपोआप कोरतं. हात लावावा लागत नाही.’’

‘हात लावावा लागत नाही’ हे ते भिंतीकडे बघत म्हणाले. मग मी ओठांवर आलेलं सगळं गिळलं (भांडणाची मोठी संधी होती ती!) आणि टेबलावरचा टेबलक्लॉथ काढून घेतला.

खोक्यात मशीन नव्हतंच. खोक्यात मशीनचं पीठ, मीठ आणि तेल होतं. लाडू आपण वळायचा. ॲल्युमिनियमचे दांडे, काळी चाकं, आटे पाडलेल्या लांब सळया, आणि स्क्रू! जगातले सगळे स्क्रू, एकमेकांचे सख्खे भाऊ, पण एकाच्या जागी दुसरा चालायचा नाही. ते वेगवेगळे ठेवायला काही हवं म्हणून तुझ्या काकांनी स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि माझा मिसळणाचा डबा उचलला. मोहरी, जिरं, हळद वाटीत ओतून बाजूला, आणि सातही वाट्यांत स्क्रू. मला न विचारता! मी दुपारी सवयीने डोळे न उघडता फोडणी केली.

त्या रविवारी खालच्या मजल्यावरचे घोषालबाबू जेवायला होते. ते गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात होते, आणि निवृत्त झाल्यापासून जहाजापेक्षा लहान कुठल्याही वस्तूला खेळणं म्हणतात. आमटीचा भुरका मारला, थांबले, दोन बोटांनी तोंडातून एक चकती काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. टण्ण!

‘‘बौदी,’’ ते मला वहिनी म्हणून हाक मारतात, ‘‘आपके दाल में लोहा है!’’

‘‘डॉक्टरच सांगतात ना, डाळीत लोह असतं म्हणून!’’ मी म्हटलं. काय करू? पाहुण्यासमोर दुसरं सुचेना.

घोषालबाबू चकतीकडे बघत राहिले आणि मग त्यांची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सांगाड्याकडे गेली. ‘‘ये क्या बनाया है, दादा?’’ तुझ्या काकांनी सांगितलं. घोषालबाबू खो खो हसले. ‘‘आमि जाहाज बानियेछि! ए तो खेलना!’’ जहाजं बांधलेला माणूस तो. पण हसून झाल्यावर जे वाकले, ते हात धुवायलासुद्धा उठले नाहीत. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाला हजर. चाक घट्ट बसलंय, सैल करा. सैल झालंय, घट्ट करा. तुझ्या काकांनी कुठलाही दांडा लावला, की यांचं ‘‘जहाज में ऐसा नहीं होता’’ ठरलेलं! मी शेवटी म्हटलं, ‘‘घोषालबाबू, हे पाण्यात सोडायचं नाहीये!’’

अशा रीतीने मशीन उभं राहिलं. फक्त त्याची मूठ रिकामी होती.

कारण लाकूड कोरणारी जी मोटर, तिला स्पिंडल म्हणतात, ती खोक्याबरोबर येणारी साधी असते असं तुझ्या काकांनी कुठेतरी वाचलं, म्हणून ती न घेता चांगल्यातली वेगळी मागवली होती. आणि मशीन टोकाला पोचलं की त्याला ‘बास’ सांगणारे स्विच, तेही वेगळे. दोन्ही परदेशातून. रोज सकाळी तुझे काका फोनवर पार्सलची प्रकृती बघायचे आणि इस्पितळातल्या नातेवाइकाची सांगावी तशी मला सांगायचे. ‘‘आज निघालं.’’ ‘‘आज विमानात बसलं.’’ ‘‘आज कस्टममध्ये आहे.’’ ‘‘अजून कस्टममध्येच आहे. हालचाल नाही.’’ आमचं घर विमानतळाच्या वाटेवर. डोक्यावरून विमान गेलं की हे गॅलरीत. ‘‘यात असेल बहुतेक.’’ अहो, मुंबईहून येणारं विमान ते, त्यात फार तर तुमचे साडू असतील!

वाट बघून कंटाळले तेव्हा रिकाम्या मुठीत त्यांनी जाड मार्कर पेन बांधला. कोरता नाही आलं तरी काढता तर येईल. पहिलं चित्र अर्थातच गणपतीचं. मशीन घुर्र करून चालू झालं आणि अगं, काय सांगू, काय सुरेख रेघ! कुठे थरथर नाही, कुठे अडखळ नाही. तुझे काका खुर्ची ओढून समोर बसले होते. बघता बघता त्यांचे डोळे भरले. मलाही भरून आलं. घोषालबाबूंनी तर नाक शिंकरलं.

मग गणपती पूर्ण झाला आणि मी किंचाळले.

‘‘अहो! सोंड!’’

‘‘काय झालं सोंडेला?’’

‘‘उजवीकडे आहे!’’

डाव्या सोंडेचा घातला होता आणि मशीनने उजव्या सोंडेचा काढला! एका मोटरची वायर उलटी लागली होती म्हणे, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं आलं. पण कारण कळलं म्हणून देव थोडाच परत जातो? उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळं, त्याचा नेम, त्याचा वेळच्या वेळी नैवेद्य! मी म्हटलं, ‘‘आता या वयात हे कोण पाळणार?’’ तुझे काका म्हणाले, ‘‘अगं, मार्करने काढलेला कागद आहे तो.’’ ‘‘मग फाडा बघू!’’ झाला का धीर? नाही झाला. कागद देवघरात गेला, आणि वायर सुलटी करून डाव्या सोंडेचा नीट येईपर्यंत मी दोन्ही वेळा सोवळ्यात वरणभात करून दाखवला. शेवटी घोषालबाबू तो कागद मागून घेऊन गेले. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे गणेश दुर्गेबरोबर आजोळी, आईच्या माहेरी येतो, तेव्हा तो कुठल्याच सोंडेचा कडक नसतो.

श्रावण सरला, भाद्रपद लागला, तरी पार्सल कस्टममध्येच. चिन्मयचा फोन आला. ‘‘काका, काही टेन्शन घेऊ नका हां. मी एका डेकोरेटरशी बोलून ठेवलंय. तुम्ही ‘हो’ म्हटलं की झालं.’’ तुझे काका म्हणाले, ‘‘उद्यापरवा स्पिंडल येतोय.’’ मोराच्या जोडीची नक्षी कॉम्प्युटरवर तयार होती. मखराच्या मागच्या पाटाचं चांगलं प्लायवूड मशीनवर पक्कं आवळून ठेवलं होतं. नक्षी मशीनच्या छोट्या पडद्यावर आणून ठेवली होती. स्पिंडल आला की पेन काढायचा, तो बसवायचा आणि पडद्यावर एकदा बोट लावायचं. बस!

पण गणपतीच्या आधी कोण आले? विश्वकर्मा आले.

त्या दिवशी या गावात कारखाने बंद, रिक्षांच्या हँडलला माळा, आणि आकाश पतंगांनी गच्च. आपण कसं खंडेनवमीला हत्यारं पुजतो, तसं हे. घोषालबाबू सकाळी आंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, विश्वकर्म्याची टीचभर मूर्ती घेऊन वर आले. मूर्तीबरोबर टीचभर हत्ती.

‘‘बौदी, घर में मशीन है और पूजा नहीं? पाप लगेगा! और दादा, आज मेशिने हात देबेन ना! आज मशीन को छुट्टी.’’

‘‘हो, हो,’’ तुझे काका म्हणाले. ‘‘हात लावायला आहेच काय? मुठीत तर नुसता पेन.’’

पूजा म्हटल्यावर मी मागे राहणार होय! तांदळाची रास, त्यावर नारळ नीट घट्ट बसवलेला (आपलं काम कसं पक्कं असतं), विडा, सुपारी, झेंडूची माळ. सगळं मशीनच्या पाटावर, प्लायवूडवरच. मूर्ती कोपऱ्यात. हत्ती मूर्तीशेजारी. मग निरांजन ओवाळलं आणि हळद-कुंकू घेतलं. मोटरींना लावलं. दांड्यांना लावलं. पण देवाला, माणसाला, गाडीला, तिजोरीला, आपण कुंकू लावतो ते कपाळाला. मशीनचं कपाळ कुठलं? समोरच एक चौकोनी, गुळगुळीत, मंद उजळलेली काच होती. चेहऱ्यावर तेज असावं तशी. मी म्हटलं, हेच!

हळदीचं बोट टेकवलं. काही झालं नाही.

कुंकवाचं टेकवलं.

घुर्रर्र!

‘‘अगं, काय केलंस!’’ तुझे काका ओरडले.

‘‘कुंकू लावलं!’’

‘‘कुठे?’’

‘‘कपाळाला!’’

‘‘ते कपाळ नाही, ते सुरू करायचं बटण आहे!’’

ते पुढे धावले, तर घोषालबाबूंनी त्यांचा दंड धरला. ‘‘हात देबेन ना, दादा! आज हात नहीं लगाना!’’ ‘‘अहो, पण ते चाललंय!’’ ‘‘चलने दीजिए! पाप उसको लगेगा!’’ मशीन पेन खाली टेकवून शांतपणे पहिला मोर काढायला लागलं. आधी सुपारी गडगडली. मग तांदूळ सांडले. झेंडूची माळ सळईत अडकली आणि मशीनबरोबर पालखीसारखी मागेपुढे चालली. मी प्लगकडे झेपावले. घोषालबाबू गर्जले, ‘‘बौदी! प्लग भी मशीन है!’’

‘‘प्लग भिंतीत आहे! आज भिंतीची पूजा नाही!’’

‘‘तार किसकी है?’’

आता तार कुणाची यावर आमचं शास्त्र चाललं होतं, तेवढ्यात मशीन नारळापाशी पोचलं. नारळ हलेना. (सांगितलं ना, घट्ट बसवला होता!) मशीनही हटेना. कटकटकट असा दात खाल्ल्यासारखा आवाज झाला, पेन वाकला, आणि नारळाला वळसा घालून पुढे निघाला. मोराला हे एवढं पोट! नारळाने ढकलल्यामुळे मशीनची जागाच चुकली, आणि दुसरा मोर पहिल्यापेक्षा बोटभर खाली निघाला. शेवटचं पीस काढून झालं, आणि मशीन परत आपल्या घराच्या कोपऱ्याकडे वळलं. त्या कोपऱ्यात विश्वकर्मा उभे!

‘‘धोरुन! धोरुन!’’ आता ‘धरा, धरा’ म्हणून ओरडत होते तेच घोषालबाबू! हत्ती खाली पडला. मूर्ती कडेला आली. आणि जहाजं बांधलेला तो माणूस धोतर सावरत टेबलावर आडवा झाला आणि त्याने मूर्ती छातीशी धरली. मशीन टोकाला जाऊन घुरघुरत राहिलं, कारण त्याला ‘बास’ सांगणारे स्विच कस्टममध्ये होते. मी प्लग ओढला.

सगळं शांत झालं. बाहेर कुठल्याशा गच्चीवर कुणाचा तरी पतंग कटला आणि पोरं ओरडली, ‘‘भोकाट्टा!’’

घोषालबाबू मूर्ती उराशी धरून, टेबलावर पडल्या पडल्याच म्हणाले, ‘‘ठाकुरके धोरेछि. मेशिनके ना.’’ देवाला धरलं, मशीनला नाही. म्हणजे पाप नाही!

मी हसायला लागले, आणि तुझ्या काकांकडे बघून थांबले.

ते प्लायवूडसमोर उभे होते. जाड काळ्या शाईची रेघ, पुसली जाणार नाही. मागची बाजू खरखरीत, पापुद्रे सुटलेली. गावातली सगळी दुकानं विश्वकर्म्याला बंद, आणि मध्ये एकच दिवस टाकून चतुर्थी. ते हळूच खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘‘चिन्मयला फोन कर. म्हणावं, रेडीमेड आण.’’

मला काय वाटलं ते विचारू नकोस. मी गॅलरीत जाऊन फोन केला. ‘‘चिन्मय, उद्या ऑफिसला दांडी मार. काकांना माणूस हवाय.’’ ‘‘डेकोरेटरला काय सांगू, काकू?’’ ‘‘त्याला काही सांगू नकोस. नुसते दोन हात घेऊन ये.’’

दुसऱ्या दिवशी हरतालिका. मला निर्जळी उपास. (म्हणजे मी किती गोड बोलत असेन, ते तू समजून घे.) सकाळीच घोषालबाबू आपली करवत घेऊन हजर. काल देव पडता पडता वाचला, त्याचं प्रायश्चित्त म्हणे. मागोमाग चिन्मय. टेबलावरचे दोन मोर बघून त्याने तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला आणि मिटलं. मी माळ्यावर चढून तुझ्या काकांची पेटी काढली आणि त्यांच्यासमोर आदळली.

‘‘मशीनने रेघ काढून दिलीय. आता कापा.’’

‘‘हात बघितलास ना माझा?’’

‘‘कापायला हे दोघं आहेत. तोंड थरथरतंय का तुमचं? सांगा त्यांना!’’

मग काय, सुरू झालं! ‘‘घोषालबाबू, हे जहाज नाही, हळू!’’ ‘‘चिन्मय, करवत दाबू नको रे, तिला तिच्या चालीने जाऊ दे.’’ चिन्मयने लागोपाठ पाती मोडली. घोषालबाबू आडवं कापायच्या ऐवजी उभं कापायला निघाले. मी प्लायवूड दाबून धरलं होतं आणि उपासाने डोळ्यांपुढे आणखी दोन मोर नाचत होते. दुपार कलली तशी मोराच्या डोळ्याची गोलाई आली. ती काही चिन्मयला जमेना. करवत अडकायची, तो घामाघूम. तुझे काका उठले, त्याच्या मागे उभे राहिले आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोन हात, एक करवत, आणि तो डोळा असा गोल सुटला, की भुसा उडाला तेव्हाच आम्हाला कळलं कापून झाला ते. मी चिन्मयकडे बघितलं. तो मान खाली घालून भुसा झटकत होता. झटकायला भुसा उरला नव्हता तरी झटकत होता.

चतुर्थीला मखर हॉलमध्ये उभं राहिलं. डावा मोर ढेरपोट्या, उजवा बोटभर खाली. एका पाहुण्या बाईंनी विचारलंच, ‘‘हा मोर असा लठ्ठ का हो?’’ तुझे काका गंभीरपणे म्हणाले, ‘‘मोदकांच्या शेजारी बसलाय बिचारा.’’ ‘‘आणि दुसरा?’’ ‘‘तो वाकून नमस्कार करतोय. त्याला अजून मिळायचे आहेत.’’ आरतीनंतर चिन्मयने माईक घेतला. देणगीदारांचे आभार, हॉलवाल्यांचे आभार, आणि मग म्हणाला, ‘‘मखर, नेहमीप्रमाणे, काकांचं.’’

नेहमीप्रमाणे! मंजू, किती साधा शब्द. पण तुझ्या काकांना त्याच वेळी चष्मा पुसायचं काम निघालं, आणि ते आरतीचं तबक शेवटच्या माणसापर्यंत फिरून आलं तरी संपलं नाही.

आता तू विचारशील, स्पिंडलचं काय झालं? आला ना! विसर्जन झालं, गणपती गावाला पोचले, आणि मग तो कस्टममधून बाहेर आला. स्विचही आले. तुझ्या काकांनी सगळं बसवलं, आणि आता मशीन खरंच कोरतं. झाडून सगळं कोरतं. घोषालबाबूंना दारासाठी जहाज कोरून झालं, चिन्मयला मोर कोरून झाला. मग त्यांनी मला विचारलं, ‘‘तुला काय हवं, सांग.’’ चांगलं सोन्याचं काहीतरी सांगायचं, तर मी बावळट, हुरळून गेले आणि माझा पोळपाट काढून दिला. म्हटलं, ‘‘यावर मोर काढा. चांगला खोल.’’ काढला. इतका खोल, इतका रेखीव, की पोळी लाटली की पिसांत जाऊन बसते ती उलथन्याशिवाय निघत नाही, आणि निघाली तर तव्यावर फुगत नाही. तेव्हापासून आम्ही दोन्ही वेळा भात खातोय, आणि सबंध मजल्यावर बातमी आहे की बौदी शेवटी बंगाली झाली.

तेव्हा लवकर ये गं. या दुर्गापूजेच्या सुट्टीतच ये. आणि येताना तुळशीबागेतून एक साधा, कोरा पोळपाट आण. इथे मिळतात ते लुचीपुरते, म्हणजे इथल्या पुरीपुरते, तळहाताएवढे! फक्त पिशवीतून काढताना आधी मला स्वयंपाकघरात गाठ. काकांच्या समोर काढू नकोस. आणि खरं सांगू, माझ्याही समोर फार वेळ कोरा ठेवू नकोस.